पोते कुठे फाटले?

मंडळी, "फाईल खराब झाली" हे वाक्य आपण फार सहज बोलतो. जणू दूध नासले किंवा आंबा डागाळला. पण फाईल म्हणजे काही नाशवंत माल नव्हे. ती आकड्यांची एक लांबलचक रांग असते. इथली रांग तिथे पोचली आणि वेगळी निघाली, तर वाटेत कुणीतरी काहीतरी केलेले असते. बहुतेक वेळा ते चांगल्या हेतूनेच केलेले असते. म्हणून खरा प्रश्न "फाईल कशी दुरुस्त करू?" हा नाही. "पोते कुठे फाटले?" हा आहे.

हा पोत्याचा दाखला मला आमच्या येडशीच्या रेल्वेने दिला. आमच्या गावावरून जाणारी गाडी पूर्वी छोट्या रुळांची होती. बार्शी लाईट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ती उभी केली. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी हा पहिला टप्पा सुरू झाला, १९०७ साली लाईन तडवळ्यापर्यंत आली आणि १९११ साली लातूरला पोचली. दोन रुळांतले अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. कुर्डुवाडीला मुंबईकडे जाणारी मोठी लाईन लागे, तिच्या रुळांतले अंतर १६७६ मिलिमीटर. छोट्या वाघिणी मोठ्या रुळांवर चढणार कशा? मग लातूरकडून आलेला माल कुर्डुवाडीला उतरवायचा आणि मोठ्या वाघिणीत पुन्हा भरायचा. प्रवासात पोते सहसा फाटत नसे. ते फाटायचे या चढउतारीत. हमालाचा आकडा लागला, एक पोते दुसऱ्याच्या थप्पीत गेले, कुठे दोन किलो दाणे फलाटावर सांडले. २००८ साली लातूर ते कुर्डुवाडी मार्ग पूर्ण मोठा झाला आणि ही चढउतार संपली.

संगणकांच्या जगात अशा कुर्डुवाड्या पावलोपावली आहेत. त्यांतल्या तीन-चार पाहिल्या की आपल्या बिघडलेल्या फायलींचा बहुतेक इतिहास कळतो.

पहिली कुर्डुवाडी फार जुनी आहे. एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर फाईल पाठवण्याची जी पद्धत जगभर रूढ झाली, ती एफटीपी. तिचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये लिहिला अभय भूषण यांनी. कानपूरच्या आयआयटीच्या अगदी पहिल्या तुकडीचे हे विद्यार्थी तेव्हा अमेरिकेत एमआयटीत होते. त्या काळी प्रत्येक कंपनीचे यंत्र वेगळ्या घडणीचे. मजकुराची ओळ संपली हे दाखवण्याची रीतसुद्धा प्रत्येकाची वेगळी.

ज्यांनी जुना टंकलेखनयंत्राचा खटका ओढला आहे त्यांना हे लगेच कळेल. ओळ संपली की दोन कामे होत. गाडा उजवीकडे ढकलून ओळीच्या सुरुवातीला आणायचा आणि कागद एक ओळ वर सरकवायचा. संगणकांनी या दोन कामांना दोन आकडे दिले, १३ आणि १०. विंडोजच्या घराण्यात ओळीच्या शेवटी १३ आणि १० दोन्ही लिहितात, युनिक्सच्या घराण्यात फक्त १०. आता मजकूर एका घराण्यातून दुसऱ्यात जाताना ओळी बिघडू नयेत म्हणून एफटीपीने एक सोय ठेवली. मजकूर म्हणून पाठवले तर वाटेत हे आकडे बदलून दिले जात. जशीच्या तशी पाठवायची असेल तर तसे वेगळे सांगावे लागे. १९८५ साली पक्क्या झालेल्या नियमांतही, काही सांगितले नाही तर मजकूर समजावे असेच ठरले होते.

इथेच पोते फाटले. छायाचित्रात १० हा आकडा ओळीचा शेवट नसतो, तो एखाद्या रंगाची छटा असतो. पण मधल्या दुभाष्याला ते कुठे ठाऊक! तो इमानाने प्रत्येक १० च्या आधी १३ घालत जातो. सर्व्हरवरून उतरवलेले छायाचित्र उघडत नाही, गुंडाळलेली झिप फाईल "मी मोडले" म्हणते. एक खूण मात्र उरते. फाईल मूळच्यापेक्षा थोडी मोठी झालेली असते. उलट दिशेने गेली तर लहान होते आणि तिथे जास्त नुकसान, कारण गाळलेला १३ नेमका कुठे होता हे मागून सांगता येत नाही. म्हणून पहिला उपाय सगळ्यात साधा: दोन्हीकडच्या फायलींचा आकार बाइटपर्यंत ताडून पाहा. कुर्डुवाडीला कारकून पोती मोजून घेई, तसेच.

या आजाराने लोक इतके त्रासले की १९९६ साली पीएनजी हा चित्रांचा प्रकार पक्का झाला तेव्हा त्याच्या कर्त्यांनी फाईलच्या तोंडाशीच पहारेकरी बसवले. प्रत्येक पीएनजी चित्राची सुरुवात ठरावीक आठ आकड्यांनी होते. त्यात १३ आणि १० ची जोडी आहे, पुढे एक एकटा १० आहे आणि अगदी पहिला आकडा १३७ आहे. वाटेत कुणी ओळींची ढवळाढवळ केली तर ही जोडी किंवा तो एकटा १० बदलतो आणि चोरी दाराशीच पकडली जाते. हा १३७ कशाला, ते आता सांगतो.

दुसरी कुर्डुवाडी ईमेलची. ईमेलचे नियम १९८२ साली ठरले तेव्हा फक्त इंग्रजी अक्षरे डोळ्यांसमोर होती. इंग्रजी अक्षरे, आकडे आणि चिन्हे ० ते १२७ या १२८ जागांत मावतात. त्यापुढचे १२८ ते २५५ हे आकडे वाटेतली काही यंत्रे सरळ कापून टाकत. पीएनजीचा तो १३७ याच कापाकापीसाठी बसवलेला पहारेकरी. १९९२ साली यावर तोडगा निघाला. जोडलेली फाईल आधी साध्या इंग्रजी अक्षरांत बदलायची, तीन बाइटांच्या जागी चार अक्षरे लिहायची आणि पलीकडे पुन्हा मूळ रूपात आणायची. सामान तिप्पटीचे चौपट होते, पण धक्क्याने फुटत नाही. काचेची बरणी भुशात घालून पाठवावी तसे.

तिसरी कुर्डुवाडी आपली, मराठीची. ती समजायला तार आठवावी लागेल. आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तरी शुभेच्छांच्या तारा वडीलधाऱ्यांना आठवत असतील. दिवाळी, लग्न, परीक्षेतले यश अशा ठरावीक वाक्यांना ठरावीक क्रमांक होते. तारेतून जायचा फक्त क्रमांक आणि पलीकडचा तारमास्तर तक्ता पाहून पूर्ण वाक्य लिही. दोन्ही टोकांना एकच तक्ता होता म्हणून हे चाले. पलीकडे भलताच तक्ता असता तर? तार बिनचूक पोचली असती आणि दिवाळीला लग्नाच्या शुभेच्छा मिळाल्या असत्या.

मराठी फायलींचे वर्षानुवर्षे हेच झाले. संगणक अक्षर पाठवत नाही, अक्षराचा क्रमांक पाठवतो. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचा सरकारी तक्ता १९९१ साली प्रमाण ठरला. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तीतही देवनागरी होती. पण घरोघरच्या संगणकांत युनिकोड मराठी पोचायला २००० साल उजाडले. मधल्या काळात मुद्रण व्यवसायाने आपली सोय आपण केली. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रे बसवलेले फाँट निघाले. एका फाँटात ज्या जागी 'क' तिथे दुसऱ्यात 'ळ'. म्हणजे जितके फाँट तितके तक्ते. फाईल दुसऱ्या गावी गेली आणि तिथे तो फाँट नसला की अख्खे पुस्तक इंग्रजी अक्षरांचा पाचोळा होऊन पडे.

आमच्या घरात याचा अनुभव आहे, तो आपल्या मंडळींसाठी सविस्तर लिहितो.

आमचे थोरले बंधू, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणत असू, छोट्या रेल्वेत मालधक्क्यावर कारकून होते. निवृत्तीनंतर त्यांनी आठवणी लिहिल्या आणि १९९९ साली एका दुकानात टंकून घेतल्या. वही पुढे वाळवीने खाल्ली, दादा २००६ साली गेले. उरली एक फाईल आणि पहिल्या प्रकरणाची छापील पाने. त्या आठवणींत आमच्या सर्वांत धाकट्या आत्याचा उल्लेख आहे, जी वर्षाची व्हायच्या आत गेली. आमच्या आजीने तिचे नाव नंतर कधी उच्चारले नाही. दादांनी ते आपल्या वडिलांकडून ऐकले होते. आज ते सांगू शकेल असे घरात कुणी हयात नाही.

फाईलच्या दोन प्रती सापडल्या. एक कुणा ओळखीच्या गृहस्थांनी मदत म्हणून ईमेलने इकडून तिकडे पाठवून साठवलेली. तीत ठिकठिकाणी प्रश्नचिन्हे. दुसरी जुन्या सीडीवर जशीच्या तशी. दादांची नात पुण्याला संगणकाच्या नोकरीत आहे. तिला मी पहिली प्रत दुरुस्त करायला सांगत होतो, तर ती म्हणाली, "आजोबा, त्या प्रतीला हात नको लावूया. तिच्यात जे गेलंय ते गेलंय. आधी सीडीची नक्कल करू आणि नकलेवर काम करू."

तिने जुन्या फाँटाचा मजकूर युनिकोडमध्ये आणणारे साधन वापरले. मजकूर वाचण्याजोगा झाला, पण गमती झाल्या. जुन्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकत, युनिकोडात ती अक्षरानंतर येते. रफारही असाच जागा बदलतो. त्यामुळे सगळ्या वेलांट्या एकेक घर हुकल्या होत्या. छापील पहिल्या प्रकरणाशी ओळ न् ओळ ताडून तिने साधनाचा तक्ता दुरुस्त केला. तरी काही जोडाक्षरांच्या जागी चौकोन राहिले. आणि आत्याचे नाव दिसत होते ते असे: कृ, मग चौकोन, मग काना. कृपा? कृष्णा? की आणखी काही?

मला वाटले, संपले. पण चौकोनाचा अर्थ अक्षर गेले असा नसतो. अक्षराचा क्रमांक तिथेच असतो, फक्त आपल्या तक्त्यात त्याच्यासमोर काही लिहिलेले नसते. तिने तो क्रमांक काढला आणि सबंध फाईलमध्ये तो आणखी कुठे येतो ते शोधले. एके ठिकाणी 'वि' आणि 'ू' यांच्या मध्ये तोच क्रमांक होता, वाक्य विष्णूसहस्रनामाचे. दुसरीकडे उन्हाळ्याचे वर्णन होते आणि 'उ' नंतर तोच क्रमांक. विष्णू, उष्ण. म्हणजे तो 'ष्ण'. आमच्या आत्याचे नाव कृष्णा होते.

ईमेलवरून फिरलेल्या प्रतीत हे कधीच कळले नसते. तिथे वरच्या निम्म्या तक्त्यातले सगळेच क्रमांक एकाच प्रश्नचिन्हात बुडाले होते. 'ष्ण' आणि इतर अक्षरे यांत फरकच उरला नव्हता. चौकोन आणि प्रश्नचिन्ह दिसायला सारखेच वैताग आणतात, पण एकात माणूस दाराआड उभा असतो आणि दुसऱ्यात घर रिकामे असते.

तिसरे एक चिन्ह आजही भेटते. युनिकोड पाठवण्याची यूटीएफ-८ ही रीत १९९२ साली केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी काढली. तीत देवनागरीची एकेक खूण तीन बाइटांत जाते. पलीकडच्याने ते तीन बाइट जुन्या पाश्चात्त्य तक्त्याने वाचले तर डोक्यावर तिरपी रेघ असलेला इंग्रजी 'ए' पुन्हा पुन्हा दिसतो आणि त्याच्या शेजारी चलनाची चिन्हे, त्यांत जपानचा येनसुद्धा! मराठी मजकुरात येनांची रांग दिसली तर घाबरू नका. माल शाबूत आहे, तक्ता चुकला आहे. योग्य तक्ता निवडला की मराठी परत येते. मात्र त्या अवस्थेत फाईल पुन्हा साठवू नका. चुकीच्या वाचनावर साठवण झाली की गाठीवर गाठ बसते.

आता कुणी विचारेल, आजचे जाळे स्वतःच तपासणी करते ना? करते. प्रत्येक टप्प्यावर बेरजेचा ताळा घेतला जातो. तरीही चूक निसटते आणि तिचा एक प्रसिद्ध दाखला एमआयटीतल्याच साल्टझर, रीड आणि क्लार्क यांनी १९८४ साली छापलेल्या निबंधात दिला आहे. अनेक जाळी जोडणाऱ्या एका मधल्या यंत्रात दोष निर्माण झाला. आलेला माल एका कप्प्यातून दुसऱ्यात ठेवताना ते सुमारे दहा लाख बाइटांमागे एकदा शेजारच्या दोन बाइटांची अदलाबदल करी. आत येताना ताळा बरोबर, बाहेर जातानाही ताळा बरोबर, कारण बाहेरचा ताळा चुकीच्या मालावरच काढलेला! त्या यंत्रातून एका कार्यप्रणालीच्या मूळ फायली पुन्हा पुन्हा ये-जा करत होत्या. चुका लक्षात आल्या तेव्हा त्या फायलींच्या धन्यांना जुन्या कागदी छापील प्रती काढून हाताने ताडून दुरुस्ती करावी लागली.

हा निबंध सांगतो ते एवढेच: मधल्या प्रत्येक ठाण्याच्या पावत्या बरोबर असल्या तरी खरी खात्री दोन टोकांनीच करून घ्यायची असते. ज्याने पाठवले आणि ज्याला मिळाले, त्यांनी. आमच्या नातीने छापील प्रकरण हाती धरले ते त्या फायलींच्या धन्यांसारखेच.

टोकाटोकांची ही खात्री करण्यासाठी आता फाईलचा ठसा काढतात. १९९२ सालच्या एमडी-५ या रीतीने कितीही मोठ्या फाईलचा ३२ चिन्हांचा ठसा निघतो. एक काना बदलला तरी ठसा पूर्ण बदलतो. दोन्ही टोकांचे ठसे जुळले की फाईल तीच. मुद्दाम केलेली लबाडी या ठशातून निसटू शकते हे २००४ साली सिद्ध झाले, म्हणून आता ६४ चिन्हांचा शा-२५६ वापरतात. वाटेतला अपघात पकडायला दोन्ही चालतात.

आपल्या लोकांना ही बुद्धी नवी नाही. तारेच्या मथळ्यावर शब्दांची संख्या लिहिलेली असे, ती उतरवून घेणारा मोजून पाही. त्याहून फार आधी वेदपाठकांनी हेच केले. क्रमपाठात पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा असे शब्द जोडीने म्हणतात. घनपाठात तर एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन अशी वीण घालतात. एक शब्द गळला किंवा जागा सोडून गेला की वीण उसवते आणि कानाला लगेच कळते. जास्तीचे म्हणायचे ते मूळ जपण्यासाठी.

आणि पैठणचे एकनाथ महाराज! ज्ञानेश्वरी शके १२१२ मधली, म्हणजे इ. स. १२९० ची. जवळजवळ तीनशे वर्षे ती हातांनी उतरवली जात होती. प्रत्येक लेखनिक म्हणजे एकेक कुर्डुवाडी. कुणाचा शब्द चुकला, कुणाला जुना शब्द कळला नाही म्हणून त्याने सोपा घातला, कुणी भक्तिभावाने स्वतःची ओवी घुसवली. शके १५०६, म्हणजे १५८४ साली नाथांनी प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि पुढे यात कुणी आपली ओवी घालू नये अशी ताकीदही लिहून ठेवली. ही ताकीद मला फार शहाणपणाची वाटते. नुसती दुरुस्ती पुरत नाही. ज्या वाटेने बिघाड आला ती वाट बंद करावी लागते.

मूळ प्रतच हाती नसेल तर? तेव्हा पुण्याच्या भांडारकर संस्थेकडे पाहावे. तिथे १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले, १९२५ पासून डॉ. वि. सी. सुखटणकरांनी त्याला शिस्त लावली आणि १९६६ साली ते पुरे झाले. १२५९ हस्तलिखिते तपासली गेली. काश्मीरची शारदा लिपीतली पोथी आणि केरळची मल्याळम लिपीतली पोथी, दोघींचा एकमेकींशी संबंध नाही. तरी दोघींत एकच पाठ असेल तर तो जुना मानावा, असा त्यामागचा विचार. घरच्या फायलींनाही हा विचार लागू आहे. एकाच प्रतीवरून काढलेल्या दहा नकला म्हणजे साक्षीदार एकच. वेगवेगळ्या ठिकाणी वेगळ्या वेळी ठेवलेल्या दोन प्रती मात्र खरे दोन साक्षीदार.

तर मंडळी, घरातली एखादी जुनी फाईल उघडली नाही तर घाई करू नका. मूळ प्रत बाजूला ठेवा आणि नकलेवरच प्रयोग करा. आकार ताडा, जमले तर ठसा ताडा. चौकोन दिसला तर फाँट शोधा, येन दिसला तर तक्ता बदला. प्रश्नचिन्हे दिसली तर दुरुस्तीत वेळ न घालवता मागच्या ठाण्यावर जा आणि तिथली प्रत मागा. आजची नवी कुर्डुवाडी म्हणजे व्हॉट्सॅप. तिथे छायाचित्र म्हणून पाठवले की ते दाबून लहान केले जाते. जुन्या कागदांचे, पोथ्यांचे, शाळेच्या दाखल्यांचे फोटो पाठवायचे असतील तर दस्तऐवज म्हणून पाठवा, जसेच्या तसे पोचतील.

आपल्यापैकी कुणाकडे दादांच्या आठवणींची आणखी एखादी छापील पाने असतील, विशेषतः दुसऱ्या प्रकरणापुढची, तर मला जरूर कळवा. काही ठिकाणी अजून चौकोन आहेत.